दिसलं म्हणजे सावरलं?

लसीचा विषय निघाला की अलीकडे एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘आता पूर्वीसारखं राहिलंय का? एमआरआय आहे, सिटी स्कॅन आहे. काही झालंच तर लगेच कळतं.’ हे बोलणारी माणसं शिकलेली असतात, मुलांवर जीव टाकणारी असतात आणि बहुतेकदा लसीच्या विरोधातही नसतात. पहिल्या डोसनंतर बाळ दोन दिवस तापलं, रात्रभर किरकिरलं, म्हणून दुसरा डोस ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणता म्हणता राहून गेलेला असतो. समोरून उत्तर येतं तेही तितकंच उथळ: ‘तुम्ही विज्ञानाच्या विरोधात आहात.’ विरोधात कसे? तो माणूस तर विज्ञानाच्या सर्वात महागड्या यंत्रावर भरवसा ठेवून बोलतोय. त्या यंत्राला नेमकं काय जमतं आणि काय जमत नाही, एवढंच दोघांपैकी कोणी विचारत नाही, आणि वाद तिथेच भरकटतो.

माझं मत आधीच सांगते. शरीर न उघडता आत पाहण्याची जी विद्या गेल्या सव्वाशे वर्षांत वाढली, तिने लसीची गरज तसूभरही कमी केलेली नाही. गोवर, रुबेला, मेंदूज्वर हे आजार जाताना मागे काय ठेवून जातात, ते जिवंत माणसात आपल्याला तिनेच दाखवलं. त्या फिल्म नीट वाचल्या तर ‘यंत्र आहे, मग लस कशाला’ असं म्हणायला तोंड उघडणार नाही. आणि ज्या थोड्या फिल्मवर लसीमुळे झालेलं नुकसान दिसतं, त्याही मी बाजूला ठेवणार नाही. त्यांच्याकडे येतेच.

सुरुवात गोवरापासून करू, कारण गोवराइतका कमी लेखलेला आजार आपल्याकडे दुसरा नसेल. ‘अंगभर उठला, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं, आठवड्यात उतरला’ ही आठवण साठी ओलांडलेल्या कितीतरी माणसांकडे आहे, आणि ती खोटी नाही. बहुतेक मुलं बरी होतात. हजारातल्या एखाद्याच्या मेंदूला त्याच तापात सूज येते, आणि त्यातून वाचलेल्यांपैकी काही जण फिट्स किंवा बहिरेपण घेऊन घरी येतात. पण काही मुलांत याहून भयंकर घडतं. गोवर बरा झालेला दिसतो आणि विषाणू मेंदूत मुक्काम करून राहतो. सहा-सात, कधी दहा वर्षं काहीच होत नाही. मग दुसरी-तिसरीतल्या मुलाचं अक्षर बिघडू लागतं. काल येणारे पाढे आज आठवत नाहीत. बाई तक्रार करतात, घरी मार बसतो. जेवता जेवता अंगाला हिसका बसतो आणि हातातला पेला खाली पडतो. सबॲक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस असं या आजाराचं लांबलचक नाव. डॉक्टर ‘एसएसपीई’ म्हणतात. मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या ईईजीच्या कागदावर ठरावीक अंतराने उंच लाटा उमटत राहतात आणि कण्यातून काढलेल्या पाण्यात गोवराविरुद्धची प्रतिपिंडं खच्चून भरलेली सापडतात.

आणि एमआरआय? या आजाराच्या सुरुवातीला एमआरआय अगदी नॉर्मल येऊ शकतो. मूल घसरत चाललंय हे आईला दिसतं, शाळेला दिसतं, मशीनला दिसत नाही. पुढे मेंदूच्या मागच्या बाजूला पांढुरके डाग उमटतात, ते आत खोलवर पसरतात, शेवटी मेंदू आक्रसतो आणि त्याच्या पोकळ्या रुंदावतात. उत्तमातलं उत्तम मशीन हा सगळा प्रवास मिलिमीटरच्या हिशेबात दाखवील. त्यातला एक टप्पाही ते अडवू शकणार नाही. इंटरफेरॉन, आयसोप्रिनोसिन अशा औषधांनी काही मुलांची घसरण मंदावते. बरं करणारा उपचार नाही आणि बहुतेक मुलं काही वर्षांत जातात. फिल्म पाहून डॉक्टर एवढी खात्री करून घेऊ शकतो की बरा होण्यासारखा दुसरा कुठला आजार नजरेतून सुटत नाहीये. ‘लगेच कळतं’ या वाक्यातला ‘लगेच’ इथे खोटा ठरतो, आणि ‘कळतं’ खरं ठरलं तरी त्याचा उपयोग काय, हा प्रश्न उरतो.

यावर कोणी म्हणेल, इतका दुर्मिळ आजार दाखवून आईबापांना भिववू नका. मुद्दा रास्त आहे. एसएसपीई दुर्मिळच आहे, आणि बराच काळ तो लाखात मोजण्याइतका दुर्मिळ मानला जात होता. पण कॅलिफोर्नियातल्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या तेव्हा पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांत १,३६७ मागे एक आणि वर्षाच्या आत गोवर झालेल्यांत ६०९ मागे एक असं प्रमाण निघालं. या दुसऱ्या आकड्यापाशी मला थांबावंसं वाटतं. आपल्या वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे ज्या वयात धोका सर्वात जास्त, त्या वयाच्या सहा-सात महिन्यांच्या बाळाला एरवी लस मिळूच शकत नाही. त्याचं संरक्षण शेजारच्या खोलीतल्या तीन वर्षांच्या मुलाने घेतलेल्या दोन डोसांवर अवलंबून असतं. कोणीच लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देतो. म्हणूनच शंभरातल्या पंचाण्णव मुलांचे दोन्ही डोस व्हावे लागतात. ‘माझं मूल, माझा निर्णय’ म्हणणाऱ्याने सांगावं, त्या शेजारच्या तान्ह्याचा निर्णय कोणी घेतला?

आता समोरच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा, आणि तो मी मनापासून मान्य करते. इमेजिंगने मुलांचं आयुष्य खरोखर बदललं आहे. न्यूमोकोकस किंवा हिब या जिवाणूंचा मेंदूज्वर झाला की सूज कधी कधी आतल्या कानात उतरते. तिथल्या गोगलगायीच्या शंखासारख्या पोकळीतलं पाणी आटतं आणि हळूहळू तिथे हाड भरू लागतं. हाड भरलं की कॉक्लियर इम्प्लांटची तार आत सरकत नाही. म्हणजे मूल बहिरं झालंच, वर यंत्राने ऐकण्याची वाटही बंद होऊ लागते. सिटी स्कॅनवर हे हाड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. एमआरआयवर मात्र त्या पाण्याची चमक कमी झालेली त्याआधीच दिसते आणि सर्जन दिवस मोजून घाई करू शकतो. क्षयाच्या मेंदूज्वरात डोक्यात पाणी तुंबतंय हे सिटी स्कॅनने कळतं आणि ते पाणी वळवणारी नळी, म्हणजे शंट, टाकून जीव वाचतो. हिपॅटायटिस बी झालेल्या माणसाचं यकृत किती कडक झालंय, ते सुई न टोचता फायब्रोस्कॅनवर मोजता येतं. हातात धरून नेता येणारं एक्स-रे मशीन गावात जाऊन संगणकाच्या मदतीने क्षयाचे संशयित हुडकतं. साध्या प्लगवर चालणाऱ्या, खाटेपर्यंत ढकलत नेता येणाऱ्या छोट्या एमआरआयला अमेरिकेत २०२० साली परवानगी मिळाली. या कामाबद्दल मला अतोनात आदर आहे.

पण यातलं एकेक उदाहरण पुन्हा वाचा. इम्प्लांट बसतं, कारण आतला कान गेलेला असतो. त्यानंतर पुढची काही वर्षं स्पीच थेरपी आणि जन्मभर बॅटऱ्या, बिघाड, दुरुस्तीचा खर्च. शंट तुंबलेलं पाणी वाहून नेतो, क्षयाने रक्तपुरवठा तोडल्यामुळे मेलेला मेंदूचा भाग परत आणत नाही. फायब्रोस्कॅनचा आकडा चढत गेलेला दिसतो तेव्हा जन्मल्यावर चोवीस तासांत द्यायचा हिपॅटायटिस बीचा डोस तीस-चाळीस वर्षं मागे राहिलेला असतो. यंत्राचं काम जिथे सुरू होतं तिथे काहीतरी हातचं गेलेलं असतं. उरलेलं वाचवणं हे थोर काम आहे, पण ते उरलेल्याचंच असतं. लसीपुढे अख्खं मूल असतं.

याचा अर्थ लस सगळीकडे पुरी पडते असाही नाही, आणि लसीच्या बाजूने बोलणारे हे मोकळेपणाने सांगत नाहीत. बीसीजी तान्ह्या मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून चांगलं वाचवते. मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयापुढे मात्र ती तोकडी पडते. तमिळनाडूत चिंगलपट इथे झालेल्या प्रचंड चाचणीतून ते दिसलं. तिथे पैसा एक्स-रेवरच लागला पाहिजे, अगदी हाताने न्यायच्या मशीनवर लागला पाहिजे. लस की यंत्र, याचा निवाडा सरसकट करता येत नाही. आजारागणिक करावा लागतो. गोवराच्या बाबतीत तो पन्नास वर्षांपूर्वीच झालेला आहे.

रुबेलाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे आपल्या घरांतला एक जुना अन्याय दडलेला आहे. मूल डोळ्यात पांढरी बाहुली घेऊन जन्माला आलं, ऐकू येत नाही असं लक्षात आलं, की आपल्याकडे पहिला प्रश्न आईला विचारला जायचा: ग्रहणात बाहेर पडली होतीस का? सुरी हातात धरली होतीस का? कितीतरी बायकांनी हा ठपका जन्मभर वाहिला. त्यांतल्या काहींना दुसऱ्या महिन्यात दोन दिवस कणकण येऊन गेली असेल, कानामागे गाठी आल्या असतील, अंगावर पुसट पुरळ उठून मावळलं असेल. कोण लक्षात ठेवतो? १९४१ साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना जन्मतः मोतीबिंदू असलेली इतकी बाळं एकदम दिसू लागली की त्यांनी आयांना विचारायला सुरुवात केली, आणि बहुतेकींच्या गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला येऊन गेल्याचं निघालं. १९६४-६५च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे वीस हजार बाळं असं व्यंग घेऊन जन्मली. आज अशा बाळाच्या छातीवर टू-डी इकोचा प्रोब ठेवला की जन्मानंतर मिटायला हवी असलेली रक्तवाहिनी उघडी राहिलेली दिसते. टाळूच्या मऊ जागेतून सोनोग्राफी केली की मेंदूत साठलेलं कॅल्शियम दिसतं. आईचा काही दोष नाही, हे काम एका विषाणूचं आहे, असं पुराव्यानिशी सांगता येतं. हा न्याय मोठा आहे. ती उघडी वाहिनी मांडीच्या शिरेतून डिव्हाइस सरकवून, छाती न उघडता बंद करता येते. मोतीबिंदू काढता येतो. गेलेले कान आणि मेंदूतल्या खुणा राहतात.

२०१७च्या फेब्रुवारीत गोव्यात आणि २०१८च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली तेव्हा पालक विचारत होते, मुलग्यांना रुबेलाची लस कशाला? प्रश्न वाजवी होता आणि त्याचं उत्तर पोस्टरवरच्या घोषणेत मिळत नव्हतं. उत्तर असं की आठ वर्षांचा मुलगा शाळेतून घरी येतो आणि घरात दोन महिन्यांची गरोदर काकू असते. उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांनी मुलग्या-मुलींना सारखीच लस देऊन २०१५ पर्यंत रुबेला आपल्या भूमीवरून हटवला.

आता लसीने केलेल्या नुकसानाच्या फिल्म. २०२१च्या मार्चमध्ये युरोपातल्या डॉक्टरांना ॲस्ट्राझेनेकाची करोनाची लस घेतल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत असह्य डोकेदुखी घेऊन आलेली तरुण माणसं दिसू लागली. शिरांची तपासणी, म्हणजे व्हेनोग्राफी, केली तर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळ्या, आणि रक्तात प्लेटलेट्स मात्र घसरलेल्या. काही जण दगावले. काही आठवड्यांत कारण हाती आलं, उपचारात हेपरिन हे गुठळ्यांवरचं नेहमीचं औषध टाळायचं हे ठरलं, एप्रिलमध्ये युरोपच्या औषध नियामकाने हा अतिशय दुर्मिळ पण खरा दुष्परिणाम म्हणून जाहीर केला, आणि ब्रिटनने तिशीच्या आतल्यांना वेगळ्या कंपनीची लस देऊ केली. पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड ही त्याच सूत्राची लस. भारतात मे २०२१ मध्ये सरकारी समितीने दहा लाख डोसांमागे ०.६१ अशी गुठळ्यांची नोंद जाहीर केली. आपल्याकडे नोंदी कमी होतात हे धरलं तर खरा आकडा याहून मोठा असू शकतो. २०२४च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश न्यायालयातल्या कागदपत्रांची बातमी आली आणि तीन वर्षं दडवलेलं सत्य बाहेर पडलं असा गहजब झाला. ते दडवलेलं नव्हतं. पण लोकांना तसं का वाटलं? कारण २०२१ मध्ये हा विषय काढणाऱ्या प्रत्येकाला आपण ‘अफवा पसरवू नका’ म्हणून गप्प केलं होतं. ज्याच्या घरातला तरुण गेला त्याला ‘योगायोग’ म्हणून वाटेला लावणं हा लसीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा अपराध आहे. ब्रिटनमध्ये लसीमुळे अपंगत्व आलेल्यांसाठी भरपाईचा कायदा १९७९ पासून आहे. आपल्याकडेही दोष सिद्ध करण्याच्या अटीशिवाय मिळणारी भरपाई हवी.

या भीतीला आपल्याकडे जुना इतिहास आहे. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखला तो गोव्याच्या मातीतले डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी. १८९७च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अंमलाखाली शिपाई घराघरांत घुसले आणि त्याचा शेवट गोळीबारात झाला. सरकार दारात आलं की दार लावून घ्यावं, ही शिकवण तेव्हाची आहे. मग १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावात हाफकिनची लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिन निलंबित झाले. चौकशीला वर्षं लागली, पण अखेरीस जे दिसलं ते साधं होतं: मेलेले सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते, आणि त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेले सुखरूप होते. १९०७ साली त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. परळच्या संस्थेला आज त्यांचंच नाव आहे. नुकसान झालं हे नाकारायचं नाही आणि एका बाटलीवरून सगळ्या बाटल्या फोडायच्या नाहीत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. २०२१च्या फिल्मवर आपण हेच करायला हवं होतं. शिरेतल्या गुठळीची फिल्म पुढे पाठवताना करोनाने स्वतः केलेल्या गुठळ्यांच्या फिल्म शेजारी ठेवल्या असत्या, तर वाचणाऱ्याला तुलना तरी करता आली असती.

यंत्रांच्या भरवशावर आजाराला तोंड देणं म्हणजे काय, हे पाहायचं तर १९५२चं कोपनहेगन पाहावं. पोलिओने छातीचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडॅम रुग्णालयात रोज येत होते, आणि श्वास देणारी यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी. भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी घशाला छिद्र पाडून रबरी पिशवीने हवा देण्याची युक्ती काढली, आणि सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस त्या पिशव्या दाबत बसले. मृत्यू झपाट्याने घटले. आजचा अतिदक्षता विभाग त्या वॉर्डातून जन्मला. याहून उदात्त वैद्यकी मला माहीत नाही. तरीही वाचलेल्या कितीतरी मुलांचे पाय परत आले नाहीत. तीन वर्षांनी, १९५५ साली, साल्क यांची लस आली आणि ज्या देशांत ती पोचली तिथे असे वॉर्ड रिकामे होत गेले. कोपनहेगनच्या त्या विद्यार्थ्यांना कोणी विचारलं असतं, की आणखी पिशव्या हव्यात की लस, तर त्यांनी काय सांगितलं असतं?

आपल्याकडे हा प्रश्न अंदाजपत्रकात पुन्हा पुन्हा येतो. जिल्हा रुग्णालयात नवं मशीन आलं की फीत कापली जाते, फोटो छापून येतो. ते मशीन यावंच. धडगाव किंवा एटापल्लीच्या माणसाने स्कॅनसाठी किती अंतर तुडवायचं? पण एमआरआयकडे माणसाला जावं लागतं. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, लहान मूल हलू नये म्हणून भूल, वाचणारा रेडिओलॉजिस्ट, अखंड वीज, एवढं जुळून यावं लागतं. लस उलट दिशेने चालते. बर्फाचे पॅक घातलेला निळा डबा खांद्याला लावून एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली परिचारिका, पाड्यावर जाते, आशाताई आदल्या दिवशी घरं फिरून आलेली असते. तिचा प्रवासभत्ता थकतो, उपकेंद्रातलं एक पद रिकामं राहतं, तेव्हा त्याची बातमी होत नाही. आणि करोनाच्या काळात नेमकी हीच फेरी थांबली.

ती थांबली त्याचं बिल २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलं. मुंबईतल्या गोवंडीतून गोवराची साथ उठली, मालेगाव आणि भिवंडीतही पोचली, मुलं दगावली. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांतही रुग्ण इतके निघाले की जिथे त्यांचं प्रमाण जास्त होतं तिथे सहा महिन्यांपासूनच एक जादा डोस देण्याचा सल्ला केंद्राला द्यावा लागला. साथ ओसरली, बातम्या थांबल्या. पण एसएसपीईचं घड्याळ सहा ते दहा वर्षांचं आहे. त्या साथीत तान्ही असलेली मुलं २०२८ ते २०३२ दरम्यान पहिली ते पाचवीत असतील. माझी मागणी एवढीच आहे की गोवंडी, मालेगाव आणि भिवंडीत त्या हंगामात गोवर झालेल्या प्रत्येक मुलाची यादी महापालिकांनी आत्ता, कागद हरवायच्या आत, जपून ठेवावी. तिथल्या शिक्षकांना आणि बालरोगतज्ज्ञांना सांगून ठेवावं की या यादीतल्या एखाद्या मुलाचं अक्षर अचानक बिघडलं, हातातून वस्तू पडू लागल्या, तर त्याला मारू नका, ईईजी करायला पाठवा. आणि पुढे त्याच्या एमआरआयवर जे दिसेल ते कुठल्या वस्तीतल्या कुठल्या वर्षीच्या गोवराचं आहे, हे त्या फिल्मसोबत लिहून ठेवा.